लढाऊ विमानाचं घड्याळ आणि शिरवण्याची फेरी

कामोठ्याहून शिरवण्याला जाणं हा काय प्रवास झाला, असं म्हणणाऱ्यांनी भर दुपारी मांडीवर लढाऊ विमानाचं घड्याळ घेऊन बसमध्ये बसून पाहावं. आमचे हे हवाई दलात कॉकपिटमधली उपकरणं दुरुस्त करायचे. निवृत्तीनंतर त्यांनी एका निकामी विमानातलं हे घड्याळ जुन्या बाजारातून पैदा केलं. घरात माझ्यापेक्षा त्याचे लाड जास्त. किल्ली तेच द्यायचे, मला हात लावू द्यायचे नाहीत. दिवाळीनंतर हे गेले आणि आठवड्याभरात घड्याळही थांबलं. मग घरात फ्रिजच्या घरघरीशिवाय आवाज उरला नाही. ते मला सोसेना. परवा धीर करून किल्ली द्यायला गेले, तर ती फिरेचना. मोडली मी, म्हणून रडले.

जाणार असाल तर हायवेवरून बस घ्या आणि उजवीकडे बसा, डावीकडे ऊन भाजून काढतं. मी आधी तुर्भ्याला उतरले. ट्रकच्या धुळीतून वाट काढत घड्याळजीचं दुकान गाठलं. त्याने किल्ली जराशी चाचपली.

"आंटी, स्प्रिंग गेली. सेलवालं मशीन टाकतो, टेन्शन खल्लास!"

मी घड्याळ उचललं आणि रिक्षाने शिरवण्याला गेले. तिथे जनार्दनभावजी राहतात, ह्यांचे हवाई दलातले जोडीदार, मूळचे गावातलेच. गावाला आता चहूबाजूंनी इमारतींनी घेरलंय, पत्ता विचारत जावं लागतं. त्यांच्या सुनेने तांदळाची भाकरी आणि कोलंबीचं कालवण वाढलं. कितीतरी दिवसांनी कुणीतरी मला आग्रह करून वाढत होतं.

जेवणं झाल्यावर भावजींनी घड्याळ हातात घेतलं आणि हसले. "वैनी, मोडली नाय काय. ही उलटी फिरवायची हाय."

लाल किल्ली त्यांनी डावीकडे फिरवली आणि टिकटिक सुरू झाली. मला हुंदका आवरला नाही.

सावरल्यावर विचारलं, एवढ्या मोठ्या विमानात किल्लीचं घड्याळ कशाला?

"वीज गेली तरी चालतं ना! होकायंत्र हाय, वेग ठावा हाय, घड्याळ चालू हाय, तर पायलट घरी येतो." मग ते तबकडीवर वाकले. "पन वैनी, ही बारकी खिडकी लाल हाय. म्हंजे उड्डान चालू हाय, उतरलेलं नाय. कोनी दाबलं व्हतं?"

सांगायला हवं. ही लाल किल्ली फिरवता येते तशी बटणासारखी दाबताही येते. विमान उडताना ती दाबतात, उतरल्यावर पुन्हा दाबतात. किती वेळ हवेत आहोत ते कळतं, त्यावरून इंधनाचा अंदाज येतो. आमच्याकडे मी घराबाहेर पडले की हे किल्ली दाबायचे. परतले की पुन्हा दाबून म्हणायचे, "उतरलीस एकदाची! इंधन संपायला आलं होतं." त्या दिवशी मी ह्यांचं औषध आणायला खाली गेले होते. परत आले तेव्हा हे खुर्चीतच गेलेले होते. त्या गडबडीत घड्याळाकडे कोण बघणार? म्हणजे तेव्हाही ह्यांनी किल्ली दाबली होती.

भावजींना हे सगळं सांगितलं. त्यांनी सदऱ्याच्या टोकाने घड्याळाची काच पुसली.

"शून्यावर आनू का?"

"नको."

संध्याकाळी घरी आले. कुलूप काढलं, दिवा लावला, घड्याळ टेबलावर ठेवलं. चपलाही न काढता लाल किल्ली एकदा दाबली. खिडकी अर्धी लाल, अर्धी पांढरी झाली. म्हणजे उड्डाण संपलं, मी उतरले. "आले हो," मी मोठ्याने म्हणाले आणि स्वतःचाच आवाज ऐकून दचकले.

या फेरीतून मला काय मिळालं? टिकटिक परत आली, घर पूर्वीइतकं मुकं नाही. रोज बाजारात जाताना हात किल्लीकडे जातो, पण मी ती दाबत नाही. मला उशीर झाला, हे पाहणारं आता घरात कुणी नाही.