दुपारी दोनला बंद पडणारा एसी

मी संशयी बाई आहे. हे मीच आधी सांगून टाकते, म्हणजे दुसऱ्या कोणाला सांगायचे कष्ट नकोत. भाजीवाल्याच्या काट्याखाली मी हात फिरवून बघते. दूध उकळल्याशिवाय ते दूध आहे असं मानत नाही. जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं, आणि "बाई, वही घरी राह्यली" हे इतक्या तोंडांतून ऐकलं की समोरचा बोलायच्या आधीच माझ्या कपाळाला आठी पडते.

निवृत्तीनंतर दारव्ह्याला आमच्या विहाराच्या वरच्या हॉलमधली अभ्यासिका माझ्याकडे आली. स्पर्धा परीक्षेची पोरंपोरी तिथे सकाळपासून बसतात. आधी दोन कूलर होते. त्यांच्या घरघरीत वाचलेलं स्वतःलाही ऐकू येत नसे, आणि दमट हवेनं पुस्तकांची पानं वळायची. मग बाहेरगावी नोकरीला असलेल्या एका कुटुंबाने एसी दिला. भिंतीवरचा नाही, छताच्या मधोमध बसणारा चौकोनी, चारी बाजूंनी हवा सोडणारा. पाइप-नळ्या सगळ्या वर लपलेल्या, आणि त्याचं बाहेरचं मशीन गच्चीवर. मला तो पहिल्या दिवशीच आवडला नाही. ज्या वस्तूचं पोट दिसत नाही, तिच्यावर भरवसा कसा ठेवायचा?

एसी बसवला तो गावातल्याच मेकॅनिकने. चाळिशीचा माणूस, आधी कूलरच्या मोटारी बांधायचा, मग यवतमाळला जाऊन एसीचं काम शिकला. त्याने मला सगळं समजावून सांगितलं. खिडक्या बंद ठेवा, कूलरसारख्या उघड्या नको. सव्वीसवर ठेवा, सोळावर केल्यानं लवकर थंड होत नाही. इथे जिनिंगचा कापूस उडतो, म्हणून जाळी दर पंधरा दिवसांनी खाली काढून धुवा. पाण्याच्या नळीत शेवाळ धरलं तर छतातून ठिबकेल, ती मी येऊन साफ करून देईन. मी सगळं लिहून घेतलं, आणि मनात म्हटलं, इतकं गोड बोलतो म्हणजे याचं काहीतरी आहे.

त्याची मुलगी आमच्याच हॉलमध्ये बसायची. तलाठ्याची परीक्षा तोंडावर आलेली. घरी टिनाचं छप्पर, दोन खोल्या, बाहेर बापाच्या दुरुस्तीची ठोकाठोक. मे महिन्यात त्या टिनाखाली माणूस वाचू शकत नाही, म्हणून ती सकाळी सातला यायची आणि संध्याकाळी कुलूप लागेपर्यंत उठायची नाही. तिची खुर्ची एसीच्या बरोबर खाली. हॉलमधल्या सगळ्यांत तीच परीक्षेत निघेल, असं मी बाहेर कोणाला बोलले नाही, पण मला वाटायचं.

मे लागला आणि एसीने रंग दाखवायला सुरुवात केली. सकाळी छान गार. दुपारी दोन वाजले की बंद! आतला पंखा फिरतो, पण हवा कोमट. साडेतीन-चारला परत आपोआप सुरू. मेकॅनिकला बोलावलं. तो त्याच्या सवडीने दुसऱ्या दिवशी सकाळी आला. शिडी लावली, झाकण उतरवलं, जाळी झटकली, गच्चीवर जाऊन मीटर लावलं आणि म्हणाला, "बाई, गॅस बराबर हाय. मशीन चांगली चालून राह्यली." तो गेला, आणि दोनला एसी बंद.

असं तीनदा झालं. चौथ्या खेपेच्या आधी मी सुनेची नेलपॉलिश आणली, टेबलावर स्टूल ठेवून चढले आणि झाकणाच्या चारही स्क्रूवर लाल ठिपके दिले. कोणी मागून स्क्रू फिरवला तर ठिपका फुटेल, अशी माझी अक्कल. ठिपके जसेच्या तसे राहिले. दुसऱ्या कोणी शहाण्याने यावरून काही धडा घेतला असता. मी म्हटलं, म्हणजे चोरी खालून नाही, गच्चीवरून होते. गॅस वरून काढतो हा! थोडा थोडा काढतो, म्हणजे पुन्हा बोलावणं येत राहील.

एकदा त्या मुलीने मला जिन्यात गाठलं. "बाई, बाबा म्हणते, वरच्या मशीनले हवा लागते. तिच्यावर पोतं नका टाकू."

पोतं मीच टाकत होते. त्यात लपवण्यासारखं काय होतं? आपल्या वऱ्हाडात कूलरला वाळ्याच्या ओल्या ताट्या लावतात, माठाला ओलं फडकं गुंडाळतात, ओल्यातून गारवा येतो हे शेंबडं पोरही सांगेल. भर उन्हात गच्चीवर ते मशीन भट्टीसारखं तापायचं. म्हणून मी रोज दीड वाजता तागाचं पोतं बादलीत बुचकळून त्याच्यावर नीट पांघरायची, चारी बाजूंनी झाकेल असं. साडेतीनच्या सुमारास वाळलं की काढून कठड्यावर टाकायची. या वयात, पंचेचाळीस डिग्रीत, दोन मजले चढून! आणि ही पोरगी मला सांगते, टाकू नका.

"तुझ्या बाबाला म्हणावं, मी त्याच्याहून जास्त उन्हाळे पाहिलेत," मी म्हटलं. वरून मला कळलंही, की मशीन तापून जळावं आणि याला नवीन बसवायचं काम मिळावं, हाच डाव आहे. आणि पोरगी आतली खबर देते. एसी बंद पडला की ती लगेच मोबाइलमध्ये काहीतरी लिहिते, हे मी पाहिलं होतं.

चौथ्यांदा तो आला तेव्हा हॉल भरलेला होता. त्याने सगळं तपासलं आणि पुन्हा तेच म्हणाला, गॅस पूर्ण आहे, मीटर लावून दाखवतो.

"मीटर तुझंच ना!" मी म्हटलं. तोवर मी त्याला भाऊ म्हणायची, तुम्ही म्हणायची. त्या दिवशी सगळं सुटलं. "गॅस तूच काढून नेतोस. आणि तुझी ही पोरगी इथे बसून तुला निरोप देते. मला काय दिसत नाही का?"

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. कोणीतरी मागे हसलं. तो शिडीवरून उतरला, शिडी मिटवली, पाना आणि मीटर पिशवीत टाकलं. मुलीने पुस्तकं गोळा केली, खुर्ची आत सरकवली आणि बापाच्या मागे जिना उतरून गेली. मला त्या क्षणी बरं वाटलं होतं, हे खोटं कशाला सांगू!

मी यवतमाळचा दुसरा मेकॅनिक बघायला लागले. त्यातच डोळ्याच्या तपासणीला मला दोन दिवस यवतमाळला लेकीकडे राहावं लागलं. परत आले तर पोरं खुशीत. "बाई, दोन्ही दिवस एसी बंदच नाही पडला!"

मला पहिला राग आला. म्हणजे मी असले की बंद पडतो, नसले की चालतो! कोणीतरी मुद्दाम माझ्या नावावर बिल फाडतंय. मी एकेकाला उभं करून विचारायला लागले, मी नसताना वर कोण गेलं होतं. कोणीच नाही. एक पोरगा म्हणाला, "गच्चीवर तुमीच तं जाता बाई, दुसरं कोन जाते?"

बाप्पा! मी खुर्चीत बसले ती बसलेच.

दीडला वर गेले. पोतं भिजवलं, मशीनवर टाकलं आणि कठड्याच्या सावलीत बसून राहिले. पंख्याचा आवाज आधी घोगरा झाला, मग ओढल्यासारखा. हात लावला तर पोत्याखालची हवा चुलीवरच्या वाफेसारखी. त्या मशीनला आतली उष्णता बाहेर टाकायची असते, आणि मी रोज त्याचं तोंड दाबत होते. अर्ध्या तासात, दोनच्या ठोक्याला, ते खट करून थांबलं. पोतं ओढून काढलं, तर काही वेळाने सुरू झालं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. मेकॅनिक नेहमी सकाळी यायचा, तेव्हा पोतं कठड्यावर असायचं. त्याला दिसणार तरी काय! तरी कठड्यावरचं पोतं बघून, आणि मुलगी मोबाइलमध्ये टिपायची त्या बंद पडायच्या वेळांवरून, त्याने ओळखलं होतं, मुलीकडून निरोपही पाठवला होता.

परीक्षेला सोळा दिवस उरले होते. संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले. तो दारातच एका कूलरची मोटार सोडवत बसला होता. मला बघून उठला, हात पुसले, खुर्ची दिली. मी सगळं सांगितलं, पोतं, दोन दिवस, सगळं. "माझं चुकलं भाऊ. चारचौघांत बोलले, चारचौघांतच माफी मागते. उद्या पोरीला पाठवा."

"जाऊ द्या बाई," तो लगेच म्हणाला. "होते असं. च्या घेता का?"

इतक्या लवकर? माझं मन तिथेही गप्प बसेना. हा एवढ्या सहज कसा सोडतो, याच्या मनात काय आहे? मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले.

मुलगी आतून आली. टिनाखालच्या उकाड्याने तिचं तोंड लाल झालेलं, ओढणी मानेला चिकटलेली. ती म्हणाली, "बाई, बाबाले असे रोजच भेटते. एखाद्या घरी वाटी सापडली नाई, की पयले त्याची पिशवी पाह्यते. त्याले माफ कराची सवय हाय. मले अजून झाली नाई."

"अवं, शाळेच्या बाई हायेत त्या," तो म्हणाला.

"हो, म्हनूनच त," ती म्हणाली आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी मी सगळ्या हॉलसमोर उभी राहून सांगितलं, की तो माणूस चोर नाही आणि एसी मीच बंद पाडत होते. यावेळी कोणी हसलं नाही. तो आला, नळी साफ करून गेला. ती आली नाही. मी तीनदा निरोप धाडला, एकदा तिच्या मैत्रिणीला पाठवलं. सोळाही दिवस तिने टिनाखालीच अभ्यास केला, आणि हॉल सकाळपासून संध्याकाळपर्यंत गारेगार होता.

निकालाची यादी मोबाइलवर आली तेव्हा मी तिचंच नाव शोधत होते. वरून खाली, मग खालून वर. नव्हतं. दीड मार्काने गेलं, असं तिच्या बापाने फोनवर सांगितलं. त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. "हजारो पोरं बसते बाई, कोनाचं ना कोनाचं जातेच," तोच मला समजावत होता.

मी त्याला विचारलं, दीड मार्क म्हणजे किती दुपारी होतात हो भाऊ?

फोनवर मागे दुरुस्तीला आलेल्या कूलरची मोटार फिरत होती, तेवढी ऐकू येत होती.