लाल दोऱ्याची चप्पल

श्रीरामपूरच्या आमच्या ऑफिसातला माझा एक मित्र वेबसाइट आपोआप तपासणारे प्रोग्राम लिहितो. त्यासाठी वेबसाइटच्या पानावरच्या प्रत्येक बटणाला एक वेगळं छुपं नाव देतो. "रंग बदला, जागा बदला, पन नाव हलवू नका. मंग प्रोग्राम बरुबर हुडकतो," हे तो चहा फुंकतानाही ऐकवतो.

लग्नाला जाताना चपलेला लाल दोरा बांधतो. मंडपाबाहेरच्या ढिगातून त्याची चप्पल सगळ्यांआधी निघते. म्हणून परवाच्या लग्नात आम्हीही लाल दोरे बांधले.

तो जेवून आला आणि ढिगाकडे बघत राहिला.

मी म्हणालो, "अरे, ही तुझी. अंगठा तुटलेली."

"दिसती की मला. पन एका खुणेचे लई जोड निघाले. टेस्ट फेल हाय," म्हणाला आणि अनवाणीच माझ्या गाडीवर मागे बसला.