‘याआधी कुठे राहत होता?’ विचारणाऱ्या बाई

डॉ. कुमुदताईंना मी प्रथम पाहिलं ते भोकरदनच्या त्यांच्या दवाखान्यात. नुकताच डॉक्टर झालो होतो, काम मागायला गेलो होतो. बाई एका म्हातारीला विचारत होत्या: जन्म कुठला, लग्नानंतर कुठे, तिथे किती वर्षं, पाणी कुठलं? बाहेर माणसं खोळंबलेली. हा दवाखाना आहे की सोयरिकीची बैठक, असं मनात आलं. आज बाईंना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत असताना त्या विचाराची लाज वाटते.

आपल्याकडे केसपेपरवर एकच गाव लिहितात, बायकांचं तर सासरचंच. मी त्यांच्या हाताखाली काम करू लागलो तेव्हा बाई म्हणायच्या, “लग्नात नाव बदलतं डॉक्टर, हाडं तीच राहतात.” मी मान डोलवायचो आणि विसरून जायचो.

माझ्या आईची पाठ आखडत चालली होती. सहा वर्षं मी तिला संधिवाताच्या गोळ्या देत होतो. एकदा बाई आमच्याकडे जेवायला आल्या. वाढून उठताना आईने भिंत धरली, ते त्यांनी पाहिलं. आईचे पिवळे दात आम्ही मिशरीवर ढकलले होते. बाईंनी तिचं माहेर विचारलं, तेव्हा कळलं, मामा दर बाजारच्या दिवशी माहेरच्या बोअरचं कॅनभर पाणी आणून देतात, त्यात डाळ मऊ शिजते म्हणून. बाईंनी पाणी तपासून घेतलं. फ्लोराइड फार निघालं; त्यानेच हाडं आखडतात आणि दात पिवळे पडतात.

आई भडकली. “माह्या माहेरच्या पाण्याला नावं ठेवू नका मॅडम. भाऊ एवढ्या लांबून घिऊन येतो, त्याला काय न्हाई म्हणू?”

बाईंनी वाद घातला नाही. चार रविवार येऊन आईजवळ नुसत्या बसल्या. मग आईनेच मामांना कॅन परत न्यायला सांगितला. मामा चहा न घेता उठले, ते पुन्हा घरी आले नाहीत. आई त्या दिवशी जेवली नाही.

दोन वर्षांनी मामा नातीला घेऊन दवाखान्यात आले. पोरीच्या दातांवर डाग होते. केसपेपर मीच लिहीत होतो.

“पाणी कुठलं, मामा?”

त्यांनी मान खाली घातली. “तेच.”

बाईंनी त्यांना एका शब्दाने दुखावलं नाही. पोरीसाठी बोअरऐवजी विहिरीचं पाणी सुरू झालं. आईची पाठ मात्र आता सरळ होणार नाही.

बाईंना उदंड, निरोगी आयुष्य लाभो, ही माझी आणि आईची मनापासून प्रार्थना. मी मुलगा, वर डॉक्टर, आणि सहा वर्षांत जे विचारलं नाही, ते बाईंनी एका जेवणात विचारलं. आम्ही त्यांना जेवायला फार उशिरा बोलावलं.