रक्त दाखवायची रीत

चंद्रपुरात दातांचा दवाखाना थाटला तेव्हा लोकांना माझ्यापेक्षा माझ्या सुईचा धाक जास्त. दात उपटा, हरकत नाही; पण तपासणीला रक्त काढायचं म्हटलं की खेड्यातून आलेला माणूस सावध व्हायचा. शहरातले डॉक्टर रक्त विकतात, अशी बोलवा होती. म्हणून मी एक रीतच पाडली: रक्त काढलं की काचेची नळी आधी नातेवाइकांच्या हातात द्यायची, मग आतल्या खोलीत न्यायची. लोक खूश, मीही खूश.

दोन हजार सालानंतर मी एक नवी पद्धत शिकून आले. रुग्णाचंच थोडं रक्त काढायचं, त्यात काही न मिसळता यंत्रात गरगर फिरवायचं. नळीत मधोमध पिवळट, लवचीक गोळा तयार होतो. तो दाबला की पातळ पडदा मिळतो. जखमेवर शिवला की ती भरायला मदत होते. माझ्याकडे मात्र कधी गोळा झकास जमायचा, कधी नुसता लिबलिबीत. मी यंत्राला शिव्या घालायची, विजेला घालायची. वीज आमच्याच गावात तयार होते आणि आमच्याच गावातून जाते, त्यामुळे तिला शिव्या घालायला निमित्त लागत नसे.

अशात पोंभुर्ण्याकडची एक बाई आली. वरची दाढ काढलेल्या जागी थेट नाकापर्यंत भोक राहिलेलं. पाणी प्यायली की नाकातून यायचं. लाजेपोटी ती सगळ्यांच्या मागून, भिंतीकडे तोंड करून जेवायची. बरोबर नवरा, सासू, दीर, जाऊ असा लवाजमा. नळी हातोहात फिरली. सासूने तर ती उजेडात धरून पाहिली. पडदा टाक्यांत टिकला नाही, आणि थोड्याच दिवसांत भोक पुन्हा उघडं. मला रडू आलं, आणि रडू आलं की मी चिडते.

त्याच आठवड्यात एक सडाफटिंग कंडक्टर आला. सोबत कुणी नाही, म्हणून त्याचं रक्त थेट यंत्रात गेलं. गोळा असा घट्ट की बघत राहावं. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. नळी हातोहात फिरेपर्यंत रक्त आपलं आपण गोठू लागतं. मग यंत्र बापडं काय करणार?

मी यंत्र उचलून खुर्चीशेजारी आणलं. नातेवाइकाने तिथे उभं राहून बघायचं, नळीला हात लावायचा नाही. सरपंच असो की माझी सख्खी बहीण, सगळ्यांना तेच.

बाईला परत बोलावलं तेव्हा नवरा कुरकुरला. "अजून काऊन रक्त पायजे? मागचं कुठी गेलं?"

"भाऊ, इथंच उभे राहा. नजर हटवू नका," मी म्हटलं.

तो उभा राहिला. यंत्र थांबेपर्यंत हलला नाही. मी गोळा बाहेर काढला तेव्हा त्याने विचारलं, "हे तिचंच ना बाई?"

"तुमच्या डोळ्यांसमोर काढलं."

"मंग लावा."

टाके काढायला ती दोघंच आली. टाके निघाल्यावर मी तिच्या हातात पाण्याचा गिलास दिला. ती सवयीने भिंतीकडे वळली आणि प्यायली. पदर नाकाशी नेला, निरखून पाहिला. कोरडा होता.

"अजून एक गिलास आणा जी," ती नवऱ्याला म्हणाली.

तो गिलास मात्र ती आमच्याकडे तोंड करून प्यायली.