दुखणं माझं, प्लेट दादाची

भुताखेतांवर माझा विश्वास तेव्हाही नव्हता, आजही नाही. पालघरला शाळेत विज्ञान शिकवायचो मी. कुणाच्या अंगात आलं की आधी ताप बघा म्हणणारा माणूस! पण साठच्या दशकातली ही एक गोष्ट मला अजून सुटलेली नाही.

आमचं घर उमरोळीला. थोरला भाऊ, म्हणजे दादा, मिरची-वांग्याची वाडी करायचा. सकाळ-संध्याकाळ खांद्यावर कावड घेऊन विहिरीचं पाणी घालायचा. मी खडूपेक्षा जड काही उचललेलं नाही... आणि पाय धरला तो माझा! डाव्या कमरेतून कळ निघायची ती थेट घोट्यापर्यंत. फळ्यापाशी उभं राहवेना. नोकरीवर पाणी सोडायची वेळ आली.

दादा मला मुंबईला घेऊन गेला. डॉक्टर एक्स-रे काढायचा म्हणाले, तर हा म्हणतो, "एवड्या लांब आलो हाय, माजा पन एक फोटू काडा की!" त्याला वाटलं, जत्रेत काढतात तसा. डॉक्टर हसले, पण तुलनेला बरा म्हणून काढला.

माझी प्लेट अगदी स्वच्छ. दादाच्या प्लेटवर मात्र खालच्या दोन मणक्यांमधली जागा पार गेलेली, डावीकडे हाड वाढलेलं. डॉक्टरांनी नावं पुन्हा ताडून पाहिली.

"डावा पाय दुखत असेल ना हो तुमचा?"

"नाय बा. दुकतो तो याचा. मी सोबतीला आलोय."

आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी!

परतल्यावर मी लक्ष ठेवू लागलो. दादा कावड उचलायचा त्याच वेळी मला कळ यायची – मग मी पालघरला शाळेत प्रार्थनेला का उभा असेना. तो पाम गावी बहिणीकडे राहायला गेला, तेव्हा पाय गप्प. गंमत म्हणून मी हे दादाला सांगितलं. तो हसला नाही. त्यानं कावड खुंटीला टांगली आणि पाण्याला गडी ठेवला.

माझा पाय खडखडीत बरा झाला. सायकल चालवू लागलो!

पण दादा... ओट्यावर नुसता बसून असायचा. जेवण तुटलं, थट्टा-मस्करी संपली. वहिनी म्हणाली, "भावजी, यांना कायतरी व्हईल हो." मला ते बघवेना. एका सकाळी मीच कावड काढून त्याच्यापुढे धरली.

"तुला दुकंल ना रे..."

"दुकू दे. तू उचल, दादा."

त्यानं उचलली. चार पावलं गेला असेल-नसेल, माझ्या पायातून कळ गेली. मी खांब धरला. दादा मिरच्यांच्या वाफ्यातून गड्यावर ओरडत होता, अगदी पूर्वीसारखा. दुखत असूनही मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

पुढे खुर्चीवर बसून शिकवलं, निभलं. त्या दोन्ही प्लेटा अजून माझ्याकडे आहेत. नव्या डॉक्टरांना मी आधी दुखणं सांगतो, मग दोन्ही पुढे ठेवतो. उत्तर कुणाकडेच नाही. फक्त प्रत्येक जण न चुकता दादाची प्लेट उचलतो आणि म्हणतो, "ही तुमची."