चंद्रभानने बुजवलेली चार भोकं

जाम गावाच्या चौरस्त्यावर ट्रकांची घरघर कधी थांबत नाही. पण चंद्रभानच्या टिनाच्या शेडखाली काम चालतं ते कानानं. अडुसष्ट वर्षांचा हा माणूस गाडीला हात लावण्याआधी छोट्या हातोडीनं पत्रा वाजवून पाहतो, ढोलकीवाला पुडी वाजवून पाहतो तसा. धडधाकट पत्रा टणकन बोलतो. गंजलेला मात्र घसा बसलेल्या नटासारखा नुसता ‘थप’ करतो.

त्या दिवशी प्रभाकररावांच्या जीपमधली रबरी चटई उचलून त्यानं तळावर हातोडी टेकवली आणि चारही कोपऱ्यांत थपच ऐकू आलं. चालकाच्या पायाजवळ तर हातोडीचं टोक आरपार गेलं.

चंद्रभानला ते फार लागलं, कारण हा तळ त्यानंच केला होता. अकरा वर्षांपूर्वी गंज खरवडून, प्रायमर मारून, वर काळं जाड कोटिंग चढवून त्यानं शब्द दिला होता की पंधरा वर्षं इकडे पाहू नका. प्रभाकररावांनी तो शब्द पंचक्रोशीत मिरवला. सात-आठ किलोमीटर आतल्या त्यांच्या गावातून त्या शब्दावर किती जीपा आणि किती टेम्पो या शेडखाली आले, त्याची मोजदाद नाही.

“काय म्हणते जीप?” प्रभाकररावांनी विचारलं. सत्तरी ओलांडलेले, पांढरं धोतर, डोक्याला दुपट्टा. मागे त्यांचा मुलगा नीलेश खाली मान घालून उभा.

“पाण्याचं काम हाये हे,” चंद्रभान म्हणाला. “पाणी मुरलं खाली.”

“पाह्य,” प्रभाकरराव मुलाकडे वळले. “मी काय म्हणत होतो? चंद्रभानचं काम बिघडत नाई. बिघडले त तुये हात.”

त्यांच्या घरी एक रीत होती. पोळ्याच्या दिवशी सकाळी बैल नाल्यावर नेऊन धुवायचे आणि बैलांमागोमाग जीपही धुवायची, बाहेरून आणि आतूनही, बादल्यांनी. मग तिला गेरू लावायचा, हार घालायचा आणि तोरणाखाली बैलांच्या रांगेच्या शेवटी उभी करायची. लहानपणापासून ही जीप धुवायचा मान नीलेशचा. शाळेत असताना तो बादली दोन्ही हातांनी उचलून ओतत असे.

“यंदा पोळ्याले जीप निघणार नाई,” प्रभाकररावांनी सांगून टाकलं. “दुरुस्त झाली की बोरगाव मेघेले जावयाकडे, आदेशकडे देऊन टाकीन. तो गाडीले जिवापाड जपते. ज्याले सांभाळता येते, त्याच्या दारात असली पाह्यजे.”

वडील एसटीनं परत गेले, नीलेश मात्र सीटा खोलायला थांबला. नटबोल्ट सोडवताना त्याचा हात इतका हलका चालत होता की चंद्रभानला नवल वाटलं. प्रत्येक बोल्ट डब्यात टाकण्याआधी तो कपड्यानं पुसत होता.

“काऊन रे, इतकं पाणी काऊन टाकत होता आत?” चंद्रभाननं विचारलं.

“बाबानंच शिकवलं, काकाजी. धुतल्याबिगर पूजा नाई. अन् पयले पाणी टाकलं की खालून निघून जाये. मंग कोटिंग झाल्यावर थांबाले लागलं. मले वाटलं, वाळत असन.” थोडं थांबून तो म्हणाला, “वाळत नव्हतं वाटते.”

चंद्रभानचा वायर ब्रश क्षणभर थबकला. ‘पयले निघून जाये’ हे शब्द त्याच्या कानात राहिले.

नीलेश चहा सांगायला चौरस्त्यावर गेला. चंद्रभान गुडघ्यावर बसला आणि मागच्या कोपऱ्यातलं कोटिंग पटाशीनं सोलू लागला. काळी साल निघाली, खाली तांबूस भुगा निघाला आणि भुग्याच्या मधोमध एक करडी गोल टिकली दिसली. लांबी होती ती, पत्र्याचे खड्डे भरायला गाडीवाले वापरतात तो लगदा, दगडासारखा घट्ट झालेला. त्यावर अंगठा दाबल्याचा ठसा होता. ठशातून एक आडवी रेघ गेली होती.

चंद्रभाननं आपला उजवा अंगठा पाहिला. तरुणपणी पत्र्यानं कापलं होतं, त्याची आडवी खूण अजून तशीच होती.

मग त्याला सगळं आठवलं. जीपच्या तळाला कारखान्यातूनच चार भोकं असतात, आत आलेलं पाणी खाली जावं म्हणून. त्या वर्षी त्याला वाटलं होतं की याच भोकांतून रस्त्याचा चिखल वर येतो आणि गंज चढतो. म्हणून त्यानं चारही भोकं लांबीनं बुजवली आणि वरून कोटिंग फासलं. काम गुळगुळीत दिसलं. आणि पाणी अकरा पोळे चटईखाली कोंडून राहिलं.

शेजारी ग्राइंडर पडला होता. बटण दाबलं की अर्ध्या मिनिटात टिकलीचा धूर झाला असता. नीलेश चहा घेऊन येईपर्यंत कोपरा चकचकीत झाला असता आणि चंद्रभानचा शब्द शाबूत राहिला असता. जीप बोरगावला गेली असती, एवढंच.

त्यानं ग्राइंडर उचललाही. पण त्याच्या डोळ्यांसमोर तानबा उभा राहिला.

हा गाड्यांच्या कामात पडण्याआधीचा काळ. चंद्रभान गावच्या दंडारीत सोंगांचे चेहरे रंगवायचा. दंडार म्हणजे आपल्याकडची गाण्या-नाचाची, सोंगांची मंडळी. रंगाचा उस्ताद तानबा. त्याचा एकच पाठ होता: रंगाखाली ओल ठेवू नको. घाम पूस, चेहरा कोरडा कर, मगच सफेदा लाव. राणीचं सोंग घेणारा नत्थू एकदा धावतपळत आला आणि चंद्रभाननं घाईत, न पुसताच, त्याच्या गालावर सफेदा चोपडला. ऐन गाण्यात राणीचे गाल सोलून हनुवटीवर लोंबू लागले. लोकांनी नत्थूला हसायला सुरुवात केली. नत्थू रडवेला झाला. तेव्हा म्हातारा तानबा आतून चालत पुढे आला, हात जोडून म्हणाला, “रंग माया हातचा हाये, मायबाप. हसाचं असन त मले हसा.” आणि त्यानं तिथंच, सगळ्यांदेखत, नत्थूचा चेहरा पुसून पुन्हा रंगवला. चंद्रभानला तो त्याबद्दल पुढे एक अक्षर बोलला नाही.

चंद्रभाननं ग्राइंडर खाली ठेवला. तीन कोपऱ्यांतली लांबी त्यानं पटाशीनं फोडून काढली. चौथी तशीच राहू दिली.

नीलेश चहा घेऊन आला. “काकाजी, थंडा होईन.”

“होऊ दे. तुया बाबाले फोन लाव. उद्या येजा म्हण.”

दुसऱ्या दिवशी प्रभाकरराव आले. चंद्रभाननं त्यांना जीपच्या मागे नेलं, खाली बसवलं आणि बॅटरीचा उजेड कोपऱ्यात धरला.

“हे पाहा. आता माया हा अंगठा पाहा.”

प्रभाकररावांनी चष्मा पुसला. दोन्ही पाहिलं. पुन्हा पाहिलं.

“तूच बुजवलं हे?”

“मीच. पाणी जाची वाटच बंद केली म्या. पोरानं पाणी टाकलं ते तुम्ही शिकवलं तसंच टाकलं. ते थांबलं माया हातानं.”

नीलेश पान्हा हातात धरून जागीच उभा होता.

“अकरा वर्षं,” प्रभाकरराव म्हणाले, “मी तुयं नाव सांगत फिरलो, अन् घरी याले बोलून राह्यलो.”

“आता नाव सांगू नका, झालं.”

“कसा नाई सांगू? सांगीन ना. चंद्रभान जीपचं नाक दाबून बसला होता म्हणून सांगीन.” ते उठले. गुडघे वाजले. मुलाकडे न पाहताच म्हणाले, “तो पान्हा धरून उभा काऊन राह्यला? काकाजीले हातभार लाव.”

मग काम सुरू झालं. सडलेला पत्रा कापून नवे तुकडे वेल्डिंगनं बसवले. उरलेला गंज खरवडला, त्यावर गंज मारायचं औषध लावलं, धुतलं, पुसलं. श्रावणाची ओलसर हवा. चंद्रभान सकाळी पत्र्यावर तळहात ठेवून पाही आणि ‘आज नाई’ म्हणून परत फिरे. नीलेश कंटाळला नाही. दोन दिवस उन्हाची तिरीप पडली, तेव्हा प्रायमरचे दोन हात झाले. सांधे भरले. शेवटी काळं कोटिंग, ब्रशनं, सावकाश. भोकांभोवती ते नीलेशनं स्वतः लावलं, काठ नीट गोल ठेवून. वर चार नवी रबरी बुचं, धुताना काढायची.

पोळ्याच्या आदल्या दिवशी बापलेक जीप न्यायला आले. चंद्रभाननं चारही बुचं काढली आणि बादली नीलेशच्या हातात दिली.

“टाक.”

नीलेशनं वडिलांकडे पाहिलं. प्रभाकरराव दुपट्टा झटकत होते. त्यानं बादली ओतली. पाणी तळावर पसरलं, कोपऱ्यांकडे वळलं आणि चार धारांनी खाली मातीत पडलं. चंद्रभाननं कपडा फिरवला, तळहात ठेवला. कोरडं.

प्रभाकररावांनी खिशातून किल्ली काढली. ती कुणाच्या हातात न देता चालकाच्या सीटवर ठेवली आणि वळसा घालून स्वतः डाव्या बाजूला जाऊन बसले.

“चल रे,” ते म्हणाले. “बैलांचे खांदे शेकाचे हायेत. अन् चंद्रभान, उद्या जेवाले येजो. आवतन समज.”

प्रभाकररावांनी सांगितल्याप्रमाणे ती गोष्ट गावभर सांगितली. एका टेम्पोवाल्यानं आपली गाडी दुसरीकडे नेली. चंद्रभाननं त्याला अडवलं नाही. उलट ज्या दोन-तीन वर्षांत तो अशी भोकं बुजवत असे, तेव्हा केलेल्या गाड्यांच्या मालकांना त्यानं एकेक करून फोन लावले. “एकदा घेऊन येजा,” एवढंच तो सांगे. दिवाळीपर्यंत पाच आल्या. प्रत्येकीत तो चटई उचलून गुडघ्यावर बसला, आधी हातोडीनं वाजवून ऐकलं आणि मग आपल्या अंगठ्याचे ठसे शोधू लागला.