वाट्यावरचे दोन बोंबील

घाडगे सरांनी शिकवलं म्हणून मी प्रोग्रामर झालो. बेंगळुरूहून दुप्पट पगाराची नोकरी आली तेव्हा सरांनी "जा" असंच कळवलं. पण तिथलं घरभाडं पाहता फार उरणार नव्हतं, आणि पनवेलमध्ये घरून चाललेलं काम सुटणार होतं.

दारावर येणारी कोळीण मला रोज दुपारी घरातच बघायची. बेकार समजून ती वाट्यावर दोन बोंबील जास्त टाकायची.

"मावशी, मला नोकरी आहे. घरूनच करतो."

टोपली उचलता उचलता ती थांबली. "नोकरी हाय, मंग तोंड असा का सुकलाय रं?"



त्या संध्याकाळी पत्र लिहिलं: "आदरणीय सर, रागावू नका, मी जात नाही. आहे तो पगार पुरतो. दमलोय मात्र खूप, आणि इथे ते कुणीतरी विचारतं."